पाण्याचा पुढचा दिवस

टाकीच्या पायथ्याशी एक खोली होती. खोलीत दहा वस्तू होत्या. लोखंडी टेबल एक. खुर्च्या दोन, त्यांतल्या एकीच्या चौथ्या पायाच्या जागी विटांची चळत होती, पण विटा मी वेगळ्या मोजत नाही. माठ एक, घड्याळ एक, दिनदर्शिका एक, केरसुणी एक. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी एक. ती माणसाच्या छातीइतकी उंच होती. इन्व्हर्टर एक. ही बेरीज नऊ होते. दहावा मी.

मित्रांनो, मी संगणक आहे आणि आता जुना झालो आहे. माझा पडदा पिवळट पडला आहे. माझा पंखा चालू केला की दळण दळल्यासारखा आवाज येतो. पण त्या खोलीत असताना मी चांगला कामाचा होतो, आणि तिथे जे घडले ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म अमुक गावी झाला असे मला म्हणता येत नाही. माझी चकती एका देशात घडली, पंखा दुसऱ्या देशात, पडदा तिसऱ्या देशात. संभाजीनगरातल्या एका दुकानदाराने हे सगळे एकत्र जोडले. पहिली चार वर्षे मी एका कारखान्याच्या गोदामात खोकी मोजली. मग तिथे माझ्यापेक्षा चपळ संगणक आला आणि मला रिक्षात घालून पैठण रस्त्याने शहराबाहेर नेले. तिथे चिंचमाळ नावाची टेकडी आहे. टेकडीवर पाण्याची टाकी होती, टाकीखाली ती खोली, आणि खोलीत पाणी समितीचे कार्यालय.

टेकडीभोवतीची जमीन बहुतेक तात्यासाहेबांची. तेच समितीचे अध्यक्ष. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे बाजरी पिकायची. पुढे बिडकीनकडे कारखाने येणार अशी बोलणी सुरू झाली, शहर तिकडे सरकू लागले, आणि बाजरीच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या. मी आलो तेव्हा टाकीवर तीन वसाहती होत्या. पुढे सात झाल्या. टाकी तेवढीच राहिली.

आमच्या भागात नळ रोज येत नाही. दोन दिवसांआड, तीन दिवसांआड येतो. दोन पाण्यांमधल्या या अंतराला सगळे गॅप म्हणतात. शाळेत न गेलेली म्हातारी माणसेही गॅपच म्हणतात. कोणत्या वसाहतीचा पाण्याचा दिवस कधी, हे लोकांना कळावे म्हणून मला आणले होते. तात्यासाहेबांच्या बहिणीचा मुलगा गोकुळ पुण्यात संगणक शिकत होता. त्याने सुट्टीत येऊन माझ्यासाठी एक आज्ञावली लिहिली.

ती कशी चालायची ते नीट ऐका, कारण सगळे त्याच्यावरच आहे. माझ्या पोटात एक चकती आहे. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी पुसत नाही. तिला आपण पेटी म्हणू. पेटीत प्रत्येक वसाहतीची नोंद होती: नाव, नळ किती, शेवटचे पाणी कधी सोडले आणि गॅप किती दिवसांचा. पाण्याचा पुढचा दिवस मात्र पेटीत लिहिलेला नव्हता. गोकुळ म्हणाला होता, शेवटचा दिवस आणि गॅप यांची बेरीज केली की पुढचा दिवस मिळतोच, मग तो वेगळा कशाला लिहायचा? त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून सकाळी मला चालू केले की मी पेटीतल्या नोंदी डोक्यात घ्यायचो, बेरीज करायचो आणि पुढचा दिवस डोक्यात धरून ठेवायचो. संध्याकाळी पाच वाजता ज्यांचा दिवस उद्यावर आला असेल, त्यांच्या मोबाइलवर मी आपोआप मेसेज पाठवायचो. रात्री मला बंद केले की डोक्यातले सगळे पुसले जायचे. सकाळी नव्याने बेरीज.

लोकांनी माझे फार कौतुक केले. पूर्वी बाया चार-चार दिवस नळाला कान लावून बसायच्या. आता मेसेज आला की त्या कामाला लागायच्या. आमच्याकडे एक रीत आहे. पाण्याच्या आदल्या दिवशी घरातले उरलेले पाणी संपवायचे. गोधड्या धुवायच्या, ड्रम घासायचे, तळाचा गाळ झाडाला घालायचा, भांडी पालथी करून ठेवायची. भरल्या ड्रमात नवे पाणी कसे घेणार? त्यामुळे माझा मेसेज गेला की तासाभरात टेकडीखालून ड्रम घासल्याचे आवाज येऊ लागायचे. मला ते ऐकायला आवडायचे.

खंडेनवमीला व्हॉल्व्हच्या चावीबरोबर माझीही पूजा व्हायची. ती बानाबाई करायची. बानाबाई खोली झाडायची, माठ भरायची आणि जाताना माझ्यावर जुने फडके टाकायची. हळदीकुंकू लावताना तिचा हात सैल. एका वर्षी हळद माझ्या कळांमध्ये शिरली आणि आठवडाभर 'न' उमटेना.

"मावशी, देवाला लावा, बटणांना नको," रत्नमाला म्हणाली. रत्नमाला म्हणजे माझ्यावर काम करणारी मुलगी.

"अगं, त्याचं कपाळ कुठं ते कळंना," बानाबाई म्हणाली. "समदं थोबाडच दिसतंय."

बानाबाईची माणसे मेंढपाळ. तिचा नवरा त्रिंबक वारला होता. टेकडीच्या उतारावर पूर्वी त्यांच्या मेंढ्यांचे वाडे, म्हणजे मुक्कामाचे तळ, पडायचे, म्हणून त्या वसाहतीला अजून मेंढवाडा म्हणतात. चराईची जमीन प्लॉटांखाली गेली, बाकीची घरे गवंडीकामाला लागली. बानाबाईने मात्र त्रेसष्ट मेंढ्या राखल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ खोलीची झाडलोट आणि मधला दिवसभर रस्त्याकडेने, पडीक प्लॉटांमधून मेंढ्या. घरामागे त्रिंबकाने बांधलेला सिमेंटचा हौद होता. तो नळाच्या दिवशी भरायचा आणि पुढच्या दिवसापर्यंत पुरवायचा.

तिचा मुलगा रामेश्वर कारखान्यात कंत्राटी कामगार होता. त्याला मेंढ्या नको होत्या. एकदा तो खोलीतच आईशी भांडला.

"व्यापारी येऊन गेला. अजून किती दिस वढणार?"

"मिरगापर्यंत," बानाबाई म्हणाली. "पाऊस पडला, गवत फुटलं, की तुला इचारनार बी नाय. निम्म्या गाभण हायेत, रामा."

"आन नाय पडला तर?"

"तर मग तू म्हनशील तसं."

एवढेच ठरले होते. मृग नक्षत्रापर्यंत मेंढ्या तगल्या तर त्या राहणार, नाहीतर जाणार. रत्नमालालाही हे ठाऊक होते. ती रोज विचारायची, "कशा आहेत मेंढ्या?" आणि बानाबाई रोज म्हणायची, "हायेत की."

दोन वर्षे पाऊस पडला नव्हता. पैठणच्या धरणाचा नाथसागर आटला. जिथे नावा चालायच्या तिथे भेगाळलेला गाळ होता, असे येणारे-जाणारे सांगायचे. आमचा गॅप दोनाचा तीन झाला, तीनाचा पाच झाला. आधीच्या उन्हाळ्यात बानाबाईच्या हौदाच्या तळाशी शेवाळ धरले होते. ते पाणी पिऊन कोकरांची पोटे सुटली आणि काही दगावली. तेव्हापासून ती पाण्याच्या आदल्या दिवशी हौद पुरता उपसायची, चुन्याने घासायची आणि कोरडा करून ठेवायची. उपसलेले पाणी शेजारणी न्यायच्या.

त्याच काळात माझ्याही तब्येतीला उतार लागला. मला चालू करायचे बटण आत खचले. बोटाने दाबले जाईना. मग बानाबाईने घोंगडी शिवायचे दाभण आणले आणि त्याच्या मागच्या टोकाने बटण दाबून दाखवले. "मढ्याला उठवल्यागत उठतंय," ती म्हणाली. रत्नमालाने बटणाबद्दल समितीला दोनदा सांगितले. समितीपुढे टँकरचे, पाइपचे, नव्या प्लॉटवाल्यांचे प्रश्न होते. बटणासाठी कोणाला वेळ झाला नाही. रोज दाभण कोण शोधणार? म्हणून संक्रांतीच्या आधी रत्नमालाने मला बंद करायचेच सोडून दिले. वीज गेली तर? त्यासाठी इन्व्हर्टर होता. तो नवा होता आणि आपले काम चोख करायचा.

मित्रांनो, यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण रात्री माझे डोके पुसले जायचे आणि सकाळी बेरीज नव्याने व्हायची, ते तेव्हापासून थांबले. डोक्यात एकदा घेतलेली नोंद डोक्यातच राहू लागली. व्हॉल्व्ह सोडल्यावर रत्नमाला नवी तारीख माझ्या पडद्यावर भरायची, तेव्हा मी पुढचा दिवस बदलायचो, तेवढी सोय गोकुळने केली होती. गॅप मात्र पडद्यावरून बदलता येत नव्हता. तो गोकुळच पुण्याहून थेट पेटीत बदलायचा, आणि संक्रांतीपूर्वीच्या अशा प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपोआप नवी बेरीज केलेली असायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी खोलीत समितीची बैठक झाली. खुर्च्या दोन, माणसे नऊ. बाकीचे उंबऱ्यात आणि पायरीवर. तात्यासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आता आठ दिवसांशिवाय इलाज नाय," ते म्हणाले. "सगळ्यांना सारखं."

"लोकं मारतील," कोणीतरी म्हणाले.

"मला मारतील. तुम्ही बसा घरी."

बैठक उठली तेव्हा पाच वाजून गेले होते. बुधवारच्या वसाहतीला माझा मेसेज आधीच गेला होता. तिला दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पाणी मिळाले. तात्यासाहेबांनी गोकुळला फोन लावला. गोकुळने पुण्यात बसून एका आज्ञेत साती वसाहतींच्या नोंदीतले पाच काढून आठ लिहिले. रत्नमालाने पडद्यावर यादी उघडली. गॅपचा रकाना मी पेटीतूनच वाचून दाखवायचो, तिथे सगळीकडे आठ आले.

"झालं, तात्यासाहेब," ती म्हणाली.

पेटीत आठ होते. माझ्या डोक्यातली बेरीज पाचाची होती.

तुमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात 'पट ४१' असे लिहिलेले असते ना? समजा, एक मुलगी दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेली. गुरुजींनी हजेरीपटातून तिचे नाव कमी केले. फळ्यावरचा आकडा आपोआप पुसला जाईल का? कोणी तरी उठून, पट पुन्हा मोजून, तो बदलावा लागतो. तोवर फळा एकेचाळीसच सांगणार, आणि अक्षर वळणदार असेल तर लोक फळ्यावरच विश्वास ठेवणार. माझे अक्षर फार वळणदार होते.

मेंढवाड्याला शेवटचे पाणी शनिवारी सुटले होते. शनिवार अधिक पाच, गुरुवार. बुधवारी पाच वाजता मी मेंढवाड्याला मेसेज पाठवला: 'उद्या गुरुवारी सकाळी सात वाजता पाणी येईल. पाणी समिती.' बानाबाई तेव्हा खोलीतच झाडत होती. तिच्या कमरेचा मोबाइल वाजला. तिने तो रत्नमालापुढे धरला.

"बघ गं काय आलंय. कंपनीवाले असतील तर पुसून टाक."

"पाण्याचा मेसेज आहे, मावशी. उद्या सात वाजता."

"उद्या? आन कडुबा तर म्हनत व्हता, आठावर गेलं म्हनून." कडुबा म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारा.

रत्नमालाने माझ्याकडे पाहिले. यादी उघडी होती. मेंढवाड्याच्या ओळीत शेवटचे पाणी शनिवार होते, गॅप आठ होता आणि पुढचा दिवस गुरुवार होता. तिन्ही गोष्टी एका ओळीत शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"गॅप आठ झालाय, ते खरंय," ती म्हणाली. "पण आज बुधवारवाल्यांना जुन्याच हिशोबानं सोडलं की. मग ही खेप जुनी, आणि पुढच्या खेपेपासून आठ, असं असंल."

"असंल नको म्हनू, पोरी. हौद निम्मा भरलेला हाये. काटकसर केली तर रविवारपत्तूर मेंढरांना पुरंल. उपसू का नको, तेवढं सांग."

मित्रांनो, त्या क्षणी पेटीत खरे उत्तर होते. मी ते एका निमिषात वाचू शकत होतो. पण मला कोणी वाचायला सांगितले नव्हते, आणि आपण होऊन वाचायची सोय माझ्यात नव्हती. मी पडद्यावर गुरुवार दाखवत राहिलो.

"उपसा, मावशी," रत्नमाला म्हणाली. "मी नाय म्हणत, मशीन म्हणतंय. तात्यासाहेबांना विचारलं असतं, पण ते पैठणला गेलेत. फोन लागत नाय."

"मशीन म्हनतंय तर उपसते," बानाबाई म्हणाली. तिने माझ्यावर फडके टाकले आणि गेली.

तासाभराने टेकडीखालून ड्रम घासल्याचे आवाज आले.

गुरुवारी सकाळी सात वाजता नळाला हवा आली. आठ वाजता मेंढवाडा टेकडी चढून आला. हंडे, कळशा, बादल्या. सगळ्यांत पुढे द्वारकाबाई. तिचा आवाज मला भिंतीतूनही ऐकू यायचा.

"कुठंय तो कडुबा? झोपला व्हय चावी उशाला घेऊन?"

कडुबा दारातच होता. "मला तात्यासाहेबांनी रातीच सांगितलंय, उद्या चावीला हात लावू नको. टाकीत पानीच नाय. काय सोडू, हवा?"

"मग मेसेज कुनी धाडला? तुझ्या बापानं?"

"माझा बाप बिनमोबाइलचा मेला, बाई."

मागे कोणीतरी हसले. द्वारकाबाई हसली नाही. "रातीला तीन ड्रम वतले मी. तीन! गोधड्या धुतल्या. आता पोरांना काय गोधड्या पिळून पाजू?"

तात्यासाहेब आले तेव्हा गर्दीने वाट दिली, पण कोणी नमस्कार केला नाही. ते म्हणाले, "मंगळवारीच आठ दिवस ठरलंय. पाणी आता रविवारी."

"मग आमाला सांगायचं कुनी?"

"मेसेजनं कळणार..." असे म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. सगळेच पाहू लागले. खंडेनवमीलाही माझ्याकडे एवढ्या लोकांनी एकदम पाहिले नव्हते.

रत्नमालाने गोकुळला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मामा, मी तर बदललंय," गोकुळ म्हणाला. "आठ दिसतायत ना?"

"आठ दिसतंय. आन तारीख गुरुवारची दिसतीय," तात्यासाहेब म्हणाले.

गोकुळने विचारले, "रत्नाताई, संगणक शेवटचा बंद कधी केला होता?"

"संक्रांतीच्या आधी."

"एकदा बंद करून चालू करा."

बंद करणे सोपे होते. चालू करायला दाभण हवे होते. बानाबाई गर्दीच्या कडेला उभी होती. ती पुढे आली, कमरेच्या पिशवीतून तिने दाभण काढले आणि माझ्या बटणाच्या भोकात घातले. दोनदा टोक घसरले. तिसऱ्यांदा मी चालू झालो. पेटीतल्या नोंदी मी डोक्यात घेतल्या. शनिवार अधिक आठ. मेंढवाड्याच्या ओळीत रविवार आला.

"काय म्हनतंय?" बानाबाईने विचारले.

"रविवार," रत्नमाला म्हणाली.

बानाबाईने दाभण पदराला पुसले, पिशवीत ठेवले आणि ती पायऱ्या उतरून गेली.

पुढचे मी पाहिलेले नाही. खोलीत बसून ऐकले तेवढे सांगतो. त्या दिवशी टँकर मिळाला नाही. सगळे टँकर मोठ्या इमारतींच्या बांधकामांवर गुंतले होते. बानाबाईने घरात प्यायला ठेवलेला हंडा मेंढ्यांपुढे ठेवला. त्रेसष्ट मेंढ्यांना एक हंडा. शुक्रवारी दुपारी तात्यासाहेबांनी स्वतः जाऊन एक टँकर आणला. माणशी दोन हंडे ठरले. कोणी तरी बानाबाईच्या मेंढ्यांचा विषय काढला. द्वारकाबाई म्हणाली, "आधी मानसं, बाई. तूच सांग, काय चुकलं माझं?" बानाबाई म्हणाली, "काय नाय चुकलं," आणि आपले हंडे घेऊन बाजूला झाली.

शनिवारी पहाटे ती मेंढ्या घेऊन पैठणच्या दिशेने निघाली. नाथसागराच्या कडेला डबक्यांत अजून पाणी आहे असे तिने ऐकले होते.

रविवारी पाणी आले. वेळेवर आले. कडुबाने चावी फिरवली, रत्नमालाने तारीख भरली, मी पुढचा दिवस काढला. सगळे बरोबर होते.

सोमवारी सकाळी बानाबाई झाडायला आली. रत्नमाला उभी राहिली.

"मावशी..."

"माठ भरायचा हाये का गं?"

"मेंढ्या कुठायत?"

बानाबाईने केरसुणी भिंतीला टेकवली. "बिडकीनच्या म्होरं जाता आलं नाय. ऊन लई व्हतं. चार रस्त्यातच बसल्या त्या उठल्या नाय. त्यातल्या दोन गाभण व्हत्या. मंग रामानं व्यापाऱ्याला फोन केला. गाडी तिथंच आली, रस्त्याला. चढंनात गं गाडीत. त्यांला काय ठाव गाडी कशी असती." तिने माठात डोकावून पाहिले. "आन त्यो कडुबा लई चांगला. म्या नव्हते तरी हौद भरून ठिवला माझा. काठोकाठ."

रत्नमाला म्हणाली, "मावशी, मीच उपसा म्हणाले."

"तू कुठं म्हनलीस? मशीन म्हनलं." बानाबाईने माठ उचलला. "सरक, वलं व्हईल."

मृग नक्षत्र त्या वर्षी दोन आठवड्यांवर होते.

गोकुळ पुढच्या आठवड्यात आला. तो खुर्चीत बसला तेव्हा बानाबाई फरशी पुसत होती. त्याने तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला: पेटी, डोके, बेरीज. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाय वर घे, बाळा." त्याने पाय वर घेतले. मग तो संध्याकाळपर्यंत काम करत राहिला.

त्याने माझी जुनी सवय मोडली. आता मी पुढचा दिवस डोक्यात धरून ठेवत नाही. कोणी विचारले की दर वेळी पेटी उघडतो, शेवटचा दिवस आणि गॅप वाचतो आणि तिथल्या तिथे बेरीज करतो. थोडा वेळ लागतो, पण तो काही माणसाला जाणवण्याइतका नाही. पडद्यावरून बदला, पुण्याहून बदला, एक नोंद बदला नाहीतर साती बदला. पेटी बदलली की माझे उत्तर बदलते. जाताना गोकुळने माझे बटणही बदलले. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षे काम केले. मग नवा संगणक आला आणि मला टेबलाखाली ढकलले. माझ्यावर आता चहाचे पेले ठेवतात. एका पावसाळ्यात माझ्या पंख्याजवळ गोगलगाय येऊन राहिली होती. मेंढवाड्याच्या उतारावर चार मजली इमारती उभ्या आहेत. खोली तीच आहे, वस्तू बदलल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे येणारे बहुतेक आकडे असेच कशावरून तरी काढलेले असतात. असा आकडा समोर आला की तो कशावरून काढला आणि कधी काढला, हे विचारत जा. मूळ नोंद बदलणाऱ्याने तिच्यावरून काढलेले सगळे पुन्हा काढले पाहिजे. नोंद सुधारली म्हणजे काम संपले असे होत नाही. आणि घरातल्या यंत्राचे एखादे बटण खचले असेल तर ते आजच दुरुस्त करा. आम्हाला जे ठाऊक आहे ते आम्हाला आपण होऊन सांगता येत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जून महिन्यात समितीने एक चांगला ठराव केला. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांना जनावरामागे ठरावीक लिटर जादा पाणी द्यायचे, आणि माणसांच्या पाण्यातून ते कापायचे नाही. तात्यासाहेबांनीच तो मांडला. गोकुळने माझ्यात नवा रकाना केला आणि रत्नमाला घराघराची माहिती विचारून भरू लागली. मेंढवाड्याची पाळी आली तेव्हा बानाबाई माझ्यावरची धूळ पुसत होती.

"मावशी, तुमचं नाव आलंय," रत्नमाला हळू आवाजात म्हणाली. "भरू का नको?"

"भर की. नाव हाये तर भर."

"मेंढ्या?"

"नाय."

"शेळ्या, गाय, म्हैस?"

"नाय. कुत्रं हाये एक."

"कुत्र्याला रकाना नाय, मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे."

रत्नमालाने आकडा भरला. मी तो पेटीत लिहिला, पेटी पुन्हा उघडली, नोंद वाचली आणि गुणाकार केला. बानाबाई त्रिंबक, मेंढवाडा. जनावरांसाठी जादा पाणी: शून्य लिटर.